वाळू उकळून नॅनोपावडर: किरणांच्या कारागिराची, बुडकरांची गोष्ट

फोनचा मागचा कॅमेरा उजेडात थोडा तिरका धरून बघा. काचेवर निळसर-जांभळी झाक दिसेल. तो रंग काचेचा नाही. लेन्सवर धातूंच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर दिलेले असतात, त्यांच्यामुळे ती झाक येते. हे थर नसते तर समोरचा प्रकाश काचेवरून परत फिरला असता आणि फोटो फिकट आला असता. असे थर देण्याची एक नेहमीची पद्धत म्हणजे निर्वात पेटीत ऑक्साइडच्या गोळीवर इलेक्ट्रॉनचा किरण मारायचा, गोळीची वाफ करायची आणि ती वाफ काचेवर बसू द्यायची.

आता हीच वाफ काचेवर न बसवता मोकळ्या वायूत थंड होऊ दिली तर? मग थर बनत नाही, पीठ बनतं. इतकं बारीक की त्याचा कण केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असतो. याला म्हणतात नॅनोपावडर. हे पीठ किलोच्या हिशोबाने बनवायचं असेल तर साध्या किरणाने भागत नाही, फार ताकदवान किरण लागतो. असा किरण उघड्या हवेत बाहेर काढून वाळू उकळण्याचं काम ज्या संस्थेच्या यंत्रांनी करून दाखवलं, तिच्या पाटीवर एक नाव आहे: बुडकर.

देवनागरीत वाचलं की हा आपल्याकडचाच कोणी वाटतो. पुसदकर, दारव्हेकर, तसा बुडकर. पण या माणसाचा आपल्या मुलखाशी जन्माचा संबंध नाही. गेर्श इत्स्कोविच बुडकर जन्मले युक्रेनमध्ये आणि काम केलं सायबेरियात. सहकारी त्यांना आंद्रेई मिखाइलोविच म्हणत. मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, भौतिकशास्त्र माझा धंदा नाही. तरी ही गोष्ट इथे सांगतोय, कारण माझ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांना नेहमी पडणारा एक प्रश्न त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता. प्रश्न असा: लांब कुठेतरी, मोठ्या शहरापासून दूर राहून मोठं काम करायचं असेल, तर पैसा आणायचा कुठून?

खेड्यातला मुलगा

बुडकरांचा जन्म १ मे १९१८ चा. गाव मुराफा, विनित्सा भागातलं एक खेडं. घर ज्यू आणि गरीब. रशियात क्रांती नुकतीच झालेली, सगळीकडे यादवी माजलेली. त्या गोंधळात मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात वडिलांची हत्या झाली. आईला लिहितावाचता येत नव्हतं. दवाखान्यात कष्टाची कामं करून तिने मुलाला वाढवलं.

विनित्सात शाळा झाली आणि मुलगा थेट मॉस्को विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेला. १९४१ च्या जूनमध्ये त्यांचं शिक्षण संपत होतं आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. पदवी हातात आली ती युद्धासोबतच. बुडकर सैन्यात गेले, विमानविरोधी तोफांच्या दलात. तिथेही डोकं गप्प बसेना. विमानावर नेम धरण्याच्या यंत्रणेत त्यांनी सुधारणा केली. पुढे आयुष्यभर हेच दिसतं. आधी कागदावर गणित आणि लगेच लोखंडात यंत्र. थोर शास्त्रज्ञ लांदाऊ यांनी त्यांना सापेक्षतावादी इंजिनियर अशी पदवी देऊन टाकली होती. म्हणजे आइन्स्टाइनचं गणित हातात पान्हा धरून करणारा माणूस.

युद्धानंतर ते मॉस्कोत इगोर कुर्चातोव्ह यांच्या प्रयोगशाळेत आले. सोव्हिएत अणुकार्यक्रमाचं ते केंद्र होतं. बुडकरांनी तिथे अणुभट्टीच्या गणितावर काम केलं, मग कण वेगाने पळवणाऱ्या यंत्रांकडे, म्हणजे त्वरकांकडे वळले. १९५० च्या दशकात त्यांनी एक कल्पना मांडली: अतितप्त वायू कोणत्याही भांड्यात टिकत नाही, भांडंच वितळतं, तर त्याला चुंबकाच्या अदृश्य बाटलीत ठेवू. बाटलीच्या दोन्ही तोंडांशी चुंबकीय क्षेत्र जास्त ताकदीचं, म्हणजे कण तिथे आपटून आत परत येतील. त्याच सुमारास अमेरिकेतही स्वतंत्रपणे हीच कल्पना निघाली. सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर बनवण्याच्या शोधातला तो एक महत्त्वाचा टप्पा ठरला.

जंगलातली प्रयोगशाळा

१९५० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत सरकारने सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ जंगलात विज्ञानाचं एक अख्खं गाव वसवायला घेतलं. अकादेमगोरोदोक. मॉस्को तिथून सुमारे तीन हजार किलोमीटर. हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. मॉस्कोतली जागा सोडून तिथे जायला फार लोक उत्सुक नव्हते. बुडकर गेले. १९५८ मध्ये अणुभौतिकी संस्था उभी राहिली आणि चाळिशीतले बुडकर तिचे संचालक झाले.

त्यांच्या डोक्यात तेव्हा जे होतं ते अनेकांना वेडेपणाच वाटायचं. त्या काळी कणांचा अभ्यास करायचा म्हणजे एक वेगवान कण स्थिर लक्ष्यावर आदळवायचा. बुडकरांचं म्हणणं होतं, दोन किरण समोरासमोर आणून भिडवू. उभ्या ट्रकवर आदळणारी गाडी आणि समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या, यातला फरक आपल्याला कळतो. कणांच्या बाबतीत तो फरक आणखी कितीतरी मोठा असतो. अडचण अशी की किरण म्हणजे जवळजवळ पोकळीच. दोन किरण भिडवणं म्हणजे दोन बाजूंनी सोडलेल्या दोन सुया हवेत एकमेकींना लागाव्यात अशी अपेक्षा करणं.

ते जमलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर वेप-१ नावाच्या यंत्रात इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन आदळले, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगासोबतच. १९६७ मध्ये वेप-२ वर इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा जुळा, पॉझिट्रॉन, यांच्या टकरींचे निकाल आले. त्या वर्षी बुडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेनिन पुरस्कार मिळाला. आज जिनिव्हाच्या सर्नमध्ये जी महाकाय टक्कर यंत्रं आहेत, ती याच वाटेने पुढे गेलेली आहेत.

१९६६ मध्ये त्यांनी आणखी एक युक्ती सुचवली. जड कणांचा किरण आतून तापट असतो, कण इकडेतिकडे भरकटतात. मग त्याच्यासोबत तेवढ्याच वेगाने थंड, शिस्तीत चालणारा इलेक्ट्रॉनचा किरण सोडायचा. गरम दुधाचं पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तसं. उष्णता इलेक्ट्रॉनकडे जाते आणि जड कण शांत होतात. १९७४ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं. आज जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा ही पद्धत वापरतात.

कामाची पद्धतही वेगळी होती. बुडकरांच्या संस्थेत एक मोठं गोल टेबल होतं. रोज दुपारी बारा वाजता शास्त्रज्ञ त्याभोवती जमायचे, कॉफी प्यायची आणि संस्थेच्या कामाबद्दल बोलायचं. गोल टेबलाला वरची खुर्ची नसते. नुकताच आलेला पोरगा संचालकाच्या शेजारी बसू शकायचा. आजच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज सकाळी उभ्याउभ्या मीटिंग होते. ती बघितली की मला हे टेबल आठवतं, फक्त तिथे गप्पा जास्त मुळाशी जाणाऱ्या असाव्यात.

खर्चाचं काय?

इथे आपला मूळ प्रश्न येतो. टक्कर यंत्रं भयंकर महाग. सरकार पैसे द्यायचं, पण सायबेरियातल्या नव्या संस्थेची भूक त्याहून मोठी होती. आणि मूलकण भिडवून कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे टोमणे तिथेही होतेच.

बुडकरांनी बघितलं की आपल्या कारखान्यात इलेक्ट्रॉनचा किरण बनवण्याचं कसब तयार झालंय. हे कसब विकता येईल. प्लास्टिकवर इलेक्ट्रॉनचा मारा केला की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात. सुट्या दोऱ्यांची जाळी विणावी तसं. मग ते प्लास्टिक तापलं तरी वितळून ओघळत नाही. विजेच्या केबलच्या आवरणाला हे फार उपयोगी. केबल कारखान्यांना असे त्वरक हवे होते.

सोव्हिएत व्यवस्थेत विज्ञान संस्थेने दुकान मांडायची पद्धत नव्हती. बुडकरांनी सरकारकडून खास परवानगी मिळवली. यंत्रं आपण बनवू, ग्राहकाशी किंमत ठरवून विकू आणि आलेला पैसा संस्थेच्याच कामात लावू. एलव्ही आणि इलू या नावांच्या औद्योगिक त्वरकांच्या मालिका याच धोरणातून आल्या. हाच त्वरक धान्यातल्या किडीवरही चालला. काळ्या समुद्रावरच्या ओदेसा बंदरात आयात धान्य इलेक्ट्रॉनच्या झोताखालून तासाला शेकडो टन या गतीने जायचं. विषारी औषध न मारता किडे निकामी व्हायचे. तुरीच्या डाळीला सोंडे लागलेले ज्यांनी घरी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल.

४ जुलै १९७७ रोजी बुडकर गेले. वय ५९. त्यांनी लावलेली सवय मात्र टिकली, आणि तिची खरी कसोटी पुढे लागली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. विज्ञान संस्थांचे पगार अडले, शास्त्रज्ञ परदेशी गेले किंवा दुसऱ्या धंद्याला लागले. नोव्होसिबिर्स्कची ही संस्था तरली. त्वरकांची विक्री आणि परदेशी प्रयोगशाळांची कंत्राटं यांनी तिला हात दिला. संचालक जाऊन दीड दशक झालं होतं, त्यांची व्यवस्था अजून कामावर होती.

किरण हवेत कसा आणायचा?

आता पावडरीकडे येऊ. ती यंत्रं नेमकं काय करतात?

टंगस्टनसारखा धातू तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. त्यांना मोठ्या व्होल्टेजने ढकललं की वेगवान किरण तयार होतो. लेन्सवर थर देणाऱ्या पेटीत साधारण दहा हजार व्होल्ट वापरतात. एलव्ही-६ नावाच्या त्वरकात ते चौदा लाख व्होल्टपर्यंत जातं. दीड व्होल्टचे नऊ लाखांहून जास्त सेल एकापुढे एक लावल्यासारखं. त्यातून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ९६ टक्के वेगाने धावतो. किरणाची ताकद सुमारे १०० किलोवॅट. शेतातली पाच हॉर्सपॉवरची मोटर ३.७ किलोवॅटची असते. म्हणजे सत्तावीस विहिरींवरच्या मोटरींची सगळी ताकद एका नाण्याएवढ्या जागेवर ओतायची.

एक अडचण राहते. इलेक्ट्रॉनला धावायला निर्वात पोकळी लागते आणि बाहेर तर हवा आहे. नेहमीच्या यंत्रात मध्ये धातूचा पातळ पत्रा लावतात, किरण त्यातून आरपार जातो. पण एवढा एकवटलेला किरण त्या पत्र्यालाच भोक पाडेल. मग इथे पत्राच काढून टाकला. त्याजागी एकामागे एक लहान खोल्या, प्रत्येकीच्या भिंतीत बारीक छिद्र आणि प्रत्येक खोलीतून हवा उपसणारा पंप. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या दाराला दोन-तीन पडदे लावलेले असतात, म्हणजे माणूस आत आला तरी उजेड आत येत नाही. तसंच हे. छिद्रांतून किरण बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आतल्या पोकळीपर्यंत पोचायच्या आत उपसली जाते.

कमी व्होल्टेजचा किरण हवेत निघताक्षणीच विरून गेला असता. चौदा लाख व्होल्टचा इलेक्ट्रॉन हवेत काही मीटर जाऊ शकतो आणि वाळूसारख्या पदार्थात दोन-तीन मिलिमीटर आत घुसतो. ज्योत फक्त वरची कातडी तापवते, हा किरण आतून तापवतो. किरणामुळे क्ष-किरण आणि ओझोनही तयार होतात, म्हणून हे सगळं जाड काँक्रीटच्या भिंतीआड चालतं आणि माणूस बाहेरून यंत्र हाकतो.

काजळाची रीत

पुढची पायरी समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. घरी काजळ धरताना बघितलं असेल. तुपाचा किंवा तेलाचा दिवा लावायचा, त्यावर वाटी किंवा ताटली उपडी धरायची. ज्योतीत तेलाची वाफ होते, ती अर्धवट जळते आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण वाटीला धरतात. काजळाचा मूळ कण काही दहा नॅनोमीटरचाच असतो. कोणी ते वाटून बारीक केलेलं नसतं, ते बारीकच जन्मतं.

कळीचा मुद्दा हाच आहे. धातूच्या ऑक्साइडची पूड आपल्या जिल्ह्याला नवी नाही. वणी-राजूर भागात चुनखडी भट्टीत भाजून चुना काढतात, तो कॅल्शियमचा ऑक्साइडच. पण भाजलेला दगड कितीही कुटला, दळला तरी एका मर्यादेनंतर कण बारीक होत नाहीत, उलट एकमेकांना चिकटायला लागतात. वरून फोडत खाली जाण्यापेक्षा खालून, एकेका रेणूपासून वर बांधत यावं, हे जास्त सोपं पडतं. त्यासाठी आधी पदार्थाची वाफ करावी लागते.

सायबेरियात बुडकरांच्या संस्थेने शेजारच्या यांत्रिकी संस्थेसोबत हे करून दाखवलं. भांड्यात शुद्ध क्वार्ट्झ वाळू ठेवायची. वरून किरण सोडायचा. काही क्षणांत वाळू वितळते आणि दोन हजार अंशांच्या पुढे तिची वाफ व्हायला लागते. ही वाफ वायूच्या झोताने लगेच पुढे ओढून घेतात. झोतात ती झपाट्याने थंड होते. सुटे रेणू एकमेकांना भेटतात, त्यांचे थेंब बनतात, थेंब गोठून गोल कण होतात. शेवटी गाळण्यांवर पांढरी, कापसापेक्षाही हलकी पूड जमते.

कणाचा आकार कशावर ठरतो? मुख्यतः गर्दीवर आणि वेळेवर. वाफ दाट असेल आणि सावकाश थंड झाली तर रेणूंना एकत्र यायला वेळ मिळतो, कण मोठे होतात. भरपूर वायू सोडून वाफ विरळ केली आणि पटकन थंड केली तर कण लहानच राहतात. पुलाव आणि खिचडी यांत जसा पाण्याचा आणि वेळेचा फरक, तसा.

वायू कोणता सोडायचा यावरही बरंच अवलंबून आहे. हवा किंवा ऑक्सिजन असेल तर धातूची वाफ वाटेतच ऑक्सिजनशी जुळते आणि ऑक्साइडची पूड मिळते. आर्गॉनसारखा अलिप्त वायू असेल तर शुद्ध धातूचीच पूड मिळू शकते. या पद्धतीने सिलिका, ॲल्युमिना, मॅग्नेशिया, टायटॅनिया अशा पावडरी बनवल्या गेल्या. सिलिकॉन हा पूर्ण धातू नाही, उपधातू आहे. पण पद्धत तीच. यात आम्लं नाहीत, रसायनांचं सांडपाणी नाही. कच्चा माल जितका शुद्ध, तितकी पूड शुद्ध.

एवढं बारीक कशासाठी?

हिशोब करू. सिलिकाचा कण २० नॅनोमीटरचा धरला तर एक ग्रॅम पावडरीतल्या सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग सुमारे १३५ चौरस मीटर भरतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. चिमूटभर पुडीत अख्खं कबड्डीचं मैदान! बहुतेक रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात, त्यामुळे नॅनोपावडर साध्या पुडीपेक्षा कितीतरी जास्त चपळ असते.

सिमेंटमध्ये थोडी नॅनोसिलिका घातली तर ती बारीक फटी भरते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून आणखी चिकट बांधणी करते, काँक्रीट मजबूत होतं. जस्ताच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण उन्हाचे अतिनील किरण अडवतात, म्हणून ते सनस्क्रीनमध्ये असतात. तुमच्या फोनमधली चिप बनताना तिच्या थरांना आरशासारखं गुळगुळीत करायला सिलिकाचे किंवा सेरियम ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात मिसळून घासतात. प्रत्येक कामाला इलेक्ट्रॉनचाच किरण लागतो असं नाही. ज्वाळेत किंवा द्रावणातही अशा पावडरी बनतात आणि स्वस्तही पडतात. शुद्धता हवी, वितळायला कठीण पदार्थ हवा, तिथे किरण भाव खातो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. इतकी बारीक पूड श्वासातून फुप्फुसात खोलवर जाते. बनवणाऱ्या ठिकाणी ती बंद पेटीत, गाळण्या आणि मास्क लावून हाताळतात. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याकडचे शेतकरी आणि मजूर दगावले. ते कीटकनाशक होतं, नॅनोपावडर नव्हती. पण हवेत तरंगणारी, डोळ्यांना धड न दिसणारी गोष्ट अंगावर घेताना काय होऊ शकतं ते आपण पाहिलंय. बाटलीवर किंवा पुडीवर नॅनो छापलेलं दिसलं की आधी आत नेमकं काय आहे, किती आहे आणि हाताळायचं कसं, हे तीन प्रश्न विचारा. नॅनो हे मापाचं नाव आहे, गुणाचं प्रमाणपत्र नाही.

बुडकरांचं यंत्र महाराष्ट्रात

ही सगळी सायबेरियाची गोष्ट वाटत असेल, तर नवी मुंबईत या. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेच्या आवारात इलू-६ नावाचा त्वरक आहे. तो बुडकरांच्या संस्थेतूनच आलेला. त्याची ऊर्जा वीस लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते. तिथे तो नॅनोपावडर नाही बनवत, मूळ ज्यासाठी विकला गेला तेच करतो: केबलची आवरणं आणि प्लास्टिकचे भाग किरणांखाली धरून त्यांना टणक करणं. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. तिथले त्वरक मात्र भारतीय शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी स्वतः विकसित केलेले. म्हणजे हे कसब आपल्या राज्यात आहे. यवतमाळहून नागपूर-मुंबई रेल्वेने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पोचता येईल इतक्या अंतरावर.

बुडकरांच्या आयुष्यातून स्टार्टअपचा सोपा धडा काढायचा मोह होतो. तो मी काढणार नाही. त्यांच्यामागे एका महासत्तेचा खजिना होता, कुर्चातोव्हसारखा पाठीराखा होता, अख्खं गाव त्यांच्यासाठी वसवलेलं होतं. यवतमाळमधल्या एखाद्या पोराकडे यातलं काही नाही, आणि नुसत्या जिद्दीने ते भरून निघेल असं म्हणणं खोटं ठरेल. प्रयोगशाळा सरकारलाच उभाराव्या लागतात, आणि त्या आपल्या भागातही मागितल्या पाहिजेत.

पण दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. बुडकरांनी कुतूहल आणि कमाई यांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलं नाही. विश्व कशाचं बनलंय हे बघायला त्यांनी किरण बनवला. तो किरण केबलवाल्याला विकला. त्या पैशातून पुन्हा विश्वाकडे बघितलं. आणि ते गेल्यावर कोणीतरी तोच किरण वाळूच्या भांड्यावर रोखला आणि त्यातून पांढरी पूड निघाली, जिचा विचार सुरुवातीला कोणी केला नव्हता. एखादं काम खोलात शिकलं की ते कुठे-कुठे लागू पडेल हे शिकतानाच माहीत असावं लागत नाही.

इंजिनिअरिंगला असताना वर्गात प्रत्येक धड्याला विचारला जाणारा प्रश्न असायचा: सर, हे परीक्षेला आहे का? नोकरीला लागल्यावर तो बदलून होतो: याला मार्केट आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पोट सगळ्यांना आहे. फक्त ते शिकायच्या आधी विचारले तर उत्तर नेहमी नाही असंच येतं. बुडकरांनी आधी शिकून घेतलं आणि मग बाजारात उभे राहिले. मुराफा गावातल्या, लिहितावाचता न येणाऱ्या बाईच्या मुलाने घालून दिलेल्या या क्रमावर नोव्होसिबिर्स्कची ती संस्था आजही चालू आहे, त्यांच्याच नावाने.